आरोग्यात कोणतं राज्य पुढं? नुसता नंबर बघू नका, हिशेब बघा

दर दोन-तीन वर्षांनी एखादा सरकारी अहवाल येतो आणि बातम्या सुरू होतात. आरोग्यात केरळ पहिला, उत्तर प्रदेश शेवटचा, महाराष्ट्र अमुक नंबरवर. नंबर वर गेला की सत्ताधारी श्रेय घेतात, खाली आला की विरोधक पत्रक काढतात. पण उपकेंद्राचं कुलूप बघून लेकराला कडेवर घेऊन माघारी फिरलेल्या बाईला त्या नंबराचा अर्थ काय, हे कोणी सांगत नाही.

नंबर आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतातलं उदाहरण घेतलं तर लगेच कळतं. एकाला एकरी १२ क्विंटल कापूस झाला, दुसऱ्याला ८. पहिल्याकडं काळी जमीन, विहीर आणि ठिबक आहे. दुसऱ्याचं रान मुरमाड, सगळा भरवसा पावसावर. नंबर लावायचा तर पहिला पुढं. पण जे हातात होतं त्यातून जास्त कोणी काढलं, असं विचारलं तर उत्तर बदलू शकतं. राज्यांच्या आरोग्य यंत्रणेचंही असंच आहे. कार्यक्षमता म्हणजे पैसा, डॉक्टर, नर्स, खाटा आणि औषधं जेवढी ओतली, त्या मानानं लोकांच्या जिवाला किती फायदा झाला याचा हिशेब.

तुलना राज्याराज्यांत का होते?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हा राज्यांचा विषय आहे. केंद्राकडून राष्ट्रीय आरोग्य अभियानातून पैसा येतो, नियम येतात, पण डॉक्टर भरायचे कोणी, औषधं घ्यायची कशी, बदल्या करायच्या कशा, हे राज्य ठरवतं. त्यामुळं एकाच देशात, एकाच कायद्याखाली वेगवेगळे कारभार चालू आहेत. तुलनेसाठी याहून चांगली सोय नाही.

तुलनेला दोन आकडे सगळ्यात जास्त वापरले जातात. पहिला अर्भक मृत्यूदर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागं पहिल्या वाढदिवसाआधी किती बाळं जातात. दुसरा माता मृत्यू प्रमाण, म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागं गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत किती बायका त्या कारणानं दगावतात. हे दोन्ही आकडे रजिस्ट्रार जनरलच्या नमुना नोंदणी पाहणीतून येतात.

२०२० साली देशाचा अर्भक मृत्यूदर २८ होता. केरळचा ६, तामिळनाडूचा १३, महाराष्ट्राचा १६, बिहारचा २७, उत्तर प्रदेशाचा ३८ आणि मध्य प्रदेशाचा ४३. म्हणजे त्या वर्षी मध्य प्रदेशात जन्मलेल्या बाळाला पहिल्याच वर्षात केरळातल्या बाळापेक्षा सात पट जास्त धोका होता. माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० या काळात देशात ९७, केरळात १९, महाराष्ट्रात ३३, तामिळनाडूत ५४, उत्तर प्रदेशात १६७ आणि आसामात १९५ होतं.

नीती आयोगाचा नंबर आणि त्यातली गंमत

निती आयोगानं २०१८ पासून राज्यांचा आरोग्य निर्देशांक काढायला सुरुवात केली. मृत्यूदर, लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं, डॉक्टर-नर्सच्या रिकाम्या जागा असे वीसहून जास्त निकष घेऊन शंभरपैकी गुण द्यायचे, अशी पद्धत. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या फेरीत मोठ्या राज्यांत केरळला ८२.२० गुण मिळाले, तामिळनाडूला ७२.४२, तर उत्तर प्रदेशाला ३०.५७. महाराष्ट्र ६९.१४ गुणांवर पाचवा.

आता गंमत बघा. त्याच अहवालात दुसरी एक यादी होती, मागच्या वर्षापेक्षा किती सुधारणा झाली याची. तिच्यात मोठ्या राज्यांत उत्तर प्रदेश पहिला. दोन्ही यादी खऱ्या, आणि ज्याला जी सोयीची त्यानं ती छापून घेतली.

तामिळनाडूचा प्रवास तर अजून बोलका आहे. २०१८ च्या अहवालात तिसरा, २०१९ च्या अहवालात नववा आणि २०२१ मध्ये दुसरा. या तीन-चार वर्षांत तिथले दवाखाने पडले नाहीत की नवे उगवले नाहीत. काही निकषांचे आकडे थोडे हलले आणि नंबर आधी सहा पायऱ्या खाली, मग सात पायऱ्या वर गेला. महाराष्ट्रही याच तीन अहवालांत सहावा, तिसरा आणि पाचवा असा फिरला. म्हणून एका वर्षाच्या नंबरावर यंत्रणेची पारख करणं म्हणजे एका हंगामावरून बियाणं चांगलं की वाईट ठरवणं.

कार्यक्षमता मोजतात कशी?

अर्थशास्त्राचे अभ्यासक यासाठी जी पद्धत जास्त वापरतात तिला डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. तेवढ्याच साधनांत सगळ्यात जास्त निकाल देणारी राज्यं शोधायची. ती झाली बांधाची कड. बाकीची राज्यं त्या कडेपासून किती आत आहेत ते मोजायचं. जेवढं अंतर, तेवढी अकार्यक्षमता.

यात दोन मोठे खड्डे आहेत.

पहिला खड्डा म्हणजे आरोग्य दवाखान्यात कमी आणि बाहेर जास्त घडतं. प्यायचं पाणी, मुलीचं शिक्षण, लग्नाचं वय, रस्ता, पोटाला मिळणारं अन्न, यांचा हिशेब धरला नाही तर त्याचं सगळं श्रेय किंवा दोष आरोग्य खात्याच्या नावावर चढतो. केरळात त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांच्या काळापासून शाळा आणि दवाखाने पसरले, बायका शिकल्या. १९९६ नंतर तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या ताब्यात दिली गेली. १९८५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशननं कमी खर्चात चांगलं आरोग्य मिळवणाऱ्या ठिकाणांचा अभ्यास छापला, त्यात चीन, श्रीलंका आणि कोस्टारिका यांच्या पंगतीला केरळ होता.

पण आजही केरळ कमी खर्चात चालतं का? २०१९-२० च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे केरळात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन तृतीयांश पैसा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. देशाचं प्रमाण तेव्हा ४७ टक्के होतं. तिथलं सरकार माणशी देशाच्या सरासरीपेक्षा जास्तच खर्च करतं, पण त्याच्या वर लोकही भरपूर खर्च करतात. म्हातारे जास्त, मधुमेह आणि रक्तदाब जास्त, खाजगी दवाखानेही जास्त. नुसता सरकारी पैसा आणि मृत्यूदर ताडून बघितला तर केरळ फार कार्यक्षम दिसतं. लोकांचा खिसा त्यात धरला की चित्र जरा उतरतं.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. डॉक्टर आणि नर्स ही साधनं म्हणून मोजली जातात. ज्या राज्यानं निम्म्या जागा रिकाम्या ठेवल्या, त्याचा खर्च कमी दिसतो. लोक मग खाजगीत जातात, तिथं पैसे मोडून जगतात, आणि मृत्यूदर फारसा वाढत नाही. कागदावर काय दिसतं, तर कमी माणसांत तेवढाच निकाल, म्हणजे यंत्रणा कार्यक्षम! प्रत्यक्षात एक नर्स तिघींचं काम ओढत असते आणि पेशंट दागिना गहाण ठेवत असतो. रिकामी जागा ही बचत धरली की हिशेब तिथंच चुकला.

सारख्या जमिनीची तुलना: तामिळनाडू आणि महाराष्ट्र

मग तुलना करायची कोणाशी? ज्यांची जमीन-पाणी साधारण सारखं आहे त्यांच्याशी. महाराष्ट्राची तुलना बिहारशी करून समाधान मानणं बरोबर नाही. ती तामिळनाडूशी करावी. दोन्ही राज्यं उद्योगाची, दोन्हीकडं शहरं मोठी, उत्पन्न बऱ्यापैकी.

२००५ साली अर्भक मृत्यूदर महाराष्ट्रात ३६ होता आणि तामिळनाडूत ३७. म्हणजे आपण एक पाऊल पुढंच होतो. २०२० ला आपण १६ वर आलो, ते १३ वर गेले. फरक फार मोठा नाही, आणि माता मृत्यूंत २०१८-२० मध्ये महाराष्ट्रच पुढं होता, हेही सांगायला पाहिजे. पण मुलांची उंची बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वयाच्या मानानं खुजी असलेली पाच वर्षांखालची मुलं तामिळनाडूत २५ टक्के, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. देशाची सरासरी ३५.५. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणलं जाणारं महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या सरासरीला टेकून उभं आहे.

तामिळनाडूनं काय वेगळं केलं, याची सगळ्यात ठसठशीत गोष्ट औषधांची आहे. १९९४ मध्ये तिथं तामिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन ही स्वतंत्र कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी खरेदी सुरू झाली. तिचं काम एकच, सरकारी दवाखान्यांसाठी औषधं घेणं, तपासणं आणि पोचवणं. ठरलेल्या यादीतली औषधं कंपनीच्या नावानं न घेता मूळ औषधाच्या नावानं मोठ्या प्रमाणात घ्यायची. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं ठेवायची, त्यांत काही महिन्यांचा साठा कायम. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत पाठवायचे, म्हणजे तपासणाऱ्याला माल कोणाचा ते कळत नाही.

आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. बँकेसारखंच. त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली असते. दवाखान्यानं गोदामातून जेवढी औषधं उचलली तेवढी रक्कम वजा होते. ज्या दवाखान्यात पेशंट जास्त, तो जास्त उचलतो. मुंबईतून किंवा चेन्नईतून कोणीतरी न मागितलेल्या गोळ्यांची खोकी पाठवायची आणि ती मुदत संपेपर्यंत कोपऱ्यात पडून राहायची, हा प्रकार त्यानं कमी होतो. राजस्थाननं हाच नमुना घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. केरळनंही अशीच कंपनी काढली.

महाराष्ट्रात औषध खरेदीचं काम २०१७ मध्ये हाफकिनकडं सोपवलं गेलं. तिथं खरेदी रखडते अशा तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे वेगळं मंडळ स्थापन झालं. तामिळनाडूत हे काम सुरू झाल्यापासून जवळपास तीस वर्षांनी.

औषधाला एवढं महत्त्व का, असं कोणी विचारेल. समजा डॉक्टर जागेवर आहे, त्याचा पगार निघतो, इमारत उभी आहे, लाईटबिल भरलं जातं, आशा ताईनं पेशंट दवाखान्यापर्यंत आणला. आणि शेवटी हातात चिठ्ठी मिळते, गोळ्या बाहेरून घ्या. म्हणजे सगळा खर्च झाला आणि शेवटचे चाळीस-पन्नास रुपये कमी पडल्यामुळं तो वाया गेला. पेशंट पुढच्या वेळी सरळ खाजगीत जातो. पिकाला सगळी मशागत करून शेवटचं एक पाणी चुकवल्यासारखं हे आहे.

औषधाशिवाय तामिळनाडूत आणखी काही गोष्टी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन स्टाफ नर्स नेमून चोवीस तास बाळंतपणाची सोय केली गेली. बाळंतपणातल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी करायची पद्धत १९९० च्या दशकापासून आहे. दवाखान्यांपासून वेगळा, फक्त साथी, पाणी, स्वच्छता आणि प्रतिबंध बघणारा सार्वजनिक आरोग्य विभाग तिथं मद्रास प्रांताच्या काळापासून चालत आला, त्याला १९३९ च्या कायद्याचा आधार आहे.

सगळंच चांगलं आहे असंही नाही. त्याच पाहणीत तामिळनाडूत ४४.९ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. महाराष्ट्रात २५.४ टक्के, बिहारात ९.७ आणि तेलंगणात ६०.७ टक्के. बिहारात गरज असलेल्या सगळ्या बायकांना सिझर मिळत नाही, तेलंगणात गरज नसताना पोट फाडलं जातं. दोन्हीकडं यंत्रणा चुकते, एकीकडं कमी देऊन, दुसरीकडं जास्त देऊन. देशात खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची होती, सरकारीत १४.३ टक्के.

बिहारला नावं ठेवण्याआधी

बिहारचा अर्भक मृत्यूदर २००५ मध्ये ६१ होता, देशाचा ५८. २०२० ला बिहार २७ वर आणि देश २८ वर. देशात माणशी उत्पन्न सगळ्यात कमी असलेल्या राज्यानं देशाची सरासरी गाठली. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला सरासरी ३९ पेशंट येत होते, म्हणजे दिवसाला एक-दीड. नंतर डॉक्टर हजर राहू लागले, मोफत औषधं मिळू लागली आणि हाच आकडा काही वर्षांत हजारांत गेला. इमारती बहुतेक त्याच होत्या. आधी त्यांच्यावरचा खर्च फुकट जात होता.

पण थांबायलाही पाहिजे. २०१९-२१ च्या पाहणीत बिहारात खुज्या मुलांचं प्रमाण ४२.९ टक्के होतं आणि २०१८-२० मध्ये माता मृत्यू ११८, देशाच्या वर. बाळ जगवणं आणि बाळ वाढवणं यांत फरक आहे.

सरासरीच्या आड काय लपतं?

महाराष्ट्राचा १६ हा आकडा मुंबई-पुण्यासकट आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची होती. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाटातले धारणी-चिखलदरा, गडचिरोलीतले भामरागड-एटापल्ली, हे तालुके राज्याच्या नंबरात कुठंच दिसत नाहीत. राज्याराज्यांतल्या अंतराएवढंच अंतर एका राज्याच्या पोटात असतं.

आणि यावरचा उपायही याच भागातून निघाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळ जन्मलं की घरी जाऊन वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास कोंडला तर हाताळायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानानं या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला आणि २०११ पासून आशांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी ही पद्धत देशभर लागू झाली. कार्यक्षमतेचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं अवघड आहे.

आकड्यांत अजून एक चकवा आहे. तुम्ही आजारी आहात का, असं विचारत पाहणी केली तर केरळात सगळ्यात जास्त लोक हो म्हणतात आणि बिहारात फार कमी. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी हे दाखवून दिलं होतं. ज्याला दवाखाना जवळ आहे आणि शिक्षण आहे त्याला आपला आजार कळतो. ज्यानं आयुष्यात रक्तदाब मोजलाच नाही तो सांगतो, मला काही नाही. म्हणून नोंदवलेले आजार जास्त म्हणजे यंत्रणा वाईट, असा अर्थ काढायचा नाही.

आपल्या तालुक्याचा हिशेब

केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट भागात ५ हजार लोकांमागं एक उपकेंद्र, ३० हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं. डोंगरी आणि आदिवासी भागात हाच आकडा ३ हजार आणि २० हजार. तालुक्याची लोकसंख्या घेऊन कोणालाही भागाकार करता येतो. जिल्ह्याची तुलना करायची तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रकं उपलब्ध आहेत. ती राज्याशी न लावता शेजारच्या, आपल्यासारख्याच जिल्ह्याशी लावून बघावी.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला द्यावा, असं लिहिलं होतं आणि त्याला २०२० ची मुदत होती. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. तेव्हा पैसा कमी आहे ही तक्रार खरी आहे. पण आलेला पैसा कुठं अडतो, ते तालुक्यातच दिसतं.

तक्रार कुठं करायची यातही बरेच जण चुकतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं येतं. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडं. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तर तिसऱ्याच खात्याकडं. एका गावातला पेशंट तिन्ही दारं हिंडतो.

ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही पैसे नाहीत. त्यामुळं बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी मिळाली तर दवाखान्यात एवढंच विचारायचं की हे औषध साठ्यात कधीपासून संपलंय आणि त्याची मागणी कोणत्या तारखेला पाठवली. दोन्हीची नोंद असते. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मागता येते.